बुकात मेलेला माणूस

गोरसपाकाच्या तुपाळ बिस्किटांचे दोन डबे संपले, तेव्हा कुठे अंजूने पर्समधून दुसरा कागद काढला. तो आधीच काढायला हवा होता, हे तिला कळत होतं. पण नालवाडीच्या त्या घरात सकाळपासून जो आनंदीआनंद चालला होता, त्यात तोंड उघडायची सोयच नव्हती. तिच्या थोरल्या दिरांनी, हेमराजभाऊजींनी, शेजारच्या चार घरांत स्वतः डबा फिरवला होता. "माह्या बापाचा जन्म सापडला! अडतीस सालचा!" असं ओरडत गल्लीतून फिरणारा अठ्ठावन्न वर्षांचा हेडमास्तर ज्याने पाहिला नसेल, त्याने त्या रविवारी पाहायला हवा होता.

जन्म शोधला होता अंजूनेच. तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड खोलीची ती कारकून. आठ महिन्यांपासून तिथे जुनी कोतवाल बुकं स्कॅन करायचं काम चालू होतं. लाल कापडात बांधलेले बस्ते सोडायचे, पान न् पान कुंचल्याने झाडायचं, फाटलं असेल तिथे पातळ कागद चिकटवायचा आणि मग मशीनखाली ठेवायचं. इंग्रजांच्या काळात गावचा कोतवाल दर आठवड्याला ठाण्यात जाऊन गावातले जन्म आणि मरणं सांगायचा आणि मुन्शी ती या बुकांत लिहायचा. सोबत जातही लिहायचा. म्हणून तर आज अर्धा जिल्हा या बुकांच्या मागे असतो. पन्नास सालाआधीचा एक कागद मिळाला की जातीच्या दाखल्याची पडताळणी होते, नाही मिळाला की माणूस खिडक्या झिजवत बसतो.

कुमऱ्यांच्या या घरात हे झिजवणं दोन वर्षं चाललं होतं. हेमराजच्या स्वीटीला आदिवासींच्या राखीव जागेतून मेडिकलची सीट लागली होती. पडताळणीचं प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत दिलं नाही तर ती सीट जाणार होती. गावच्या शाळेचं रजिस्टर वाळवीने कधीच खाल्लं होतं. राहता राहिलं सालईखेड्याचं कोतवाल बुक. ते शुक्रवारी निघालं आणि अंजूने उभ्या उभ्याच घरी फोन केला. तिथेच तिचं चुकलं. शनिवारी तिने पुढची पानं झाडली.

"वाच वं स्वीटी, पुन्हा एक डाव वाच," भैय्याजी म्हणाले. भैय्याजी म्हणजे हेमराज-कुंदनचे वडील. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर होऊनही त्यांना तीस वर्षं होत आली होती.

स्वीटीने सहाव्यांदा वाचलं. "मुलगा. नाव चिंधू. बाप मंगरू कोतवाल, माय रुखमा. जात गोंड."

"चिंधू," भैय्याजी हसत म्हणाले. "हे नाव घेऊन हाक मारणारं आता कोणी राह्यलंच नाई."

"मामाजी, हे पण आहे," असं म्हणून अंजूने दुसरा कागद टीपॉयवर ठेवला.

स्वीटी भरात होती. तिने तोही त्याच सुरात वाचायला घेतला. "मयताचे नाव चिंधू. बाप मंगरू कोतवाल. जात गोंड. वय बारा दि..."

तिथे तिचा आवाज थांबला. अंजूचा नवरा कुंदन दारात सुपारी कातरत होता, त्याचा अडकित्ता थांबला. हेमराजने कागद हिसकून घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"दुसऱ्या कोणाचा असन," तो म्हणाला.

"मंगरू कोतवाल गावात एकच होते, भाऊजी. त्याआधी त्यांची तीन मुलं गेली, तीही याच बुकात आहेत. एक तापाने, एक आकडीने, एक तापाने. चौथा हा. याच्यापुढे कारणाचा रकाना कोरा आहे. पण मरण लिहिलेलं आहे."

सगळ्यांनी भैय्याजींकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस बंडीच्या खिशात गोरसपाकाचा तुकडा ठेवून समोर बसला होता, आणि कागद म्हणत होता की हा बारा दिवसांचा असताना मेला.

"अबे," भैय्याजी कोणालाच न उद्देशून म्हणाले, "मंग मी कोण होय?"

*

हेमराजने अंजूला परसात बोलावलं तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती. आयुष्यभर पोरांना 'घाबरू नका, विचार करा' असं शिकवलेला हा माणूस. त्याला आता एकच विचार सुचत होता आणि त्याची त्याला लाज वाटत होती. लाज वाटली म्हणून तो थांबला मात्र नाही.

"पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे साहेब कधी येऊन राह्यले?"

"मंगळवारी. सकाळी कचेरीत मूळ बुक पाहतील, मग इथं घरी येऊन मामाजींचं बयान घेतील."

"थे पान स्कॅन झालं का?"

"नाही अजून."

हेमराज पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. अंजूला कळायचं ते कळलं. या माणसाला ती बावीस वर्षं वाकून नमस्कार करत आली होती.

"भाऊजी, तुम्ही मले पान फाडायले सांगून राह्यले का?" कचेरीतली मराठी तिच्या तोंडून अशी गळून पडली.

"फाडायले कोण म्हणते? जुनं पान होय. झाडता झाडता निंगते. वाळवी लागते."

मागून कुंदन आला. नवरा आपल्या बाजूने बोलेल, असं अंजूला वाटलं. भोळीच म्हणायची. कुंदन वनखात्यात होता. त्याची स्वतःची नोकरी त्याच दाखल्यावर लागलेली आणि पडताळणी एकतीस वर्षं लोंबकळत पडलेली.

"दादा बरोबर म्हणून राह्यला," कुंदन म्हणाला. "एका पानानं काय होते? आणि खरं सांगू का दादा, मले तं वेगळीच भीती वाटून राह्यली. थे पोट्टं खरंच मेलं असन तं? मंगरूबुढ्यानं दुसऱ्या कोणाचं आणून ठेवलं असन तं? आपला बाप..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. हेमराजने त्याच्या थोबाडीत मारली. चोपन्न वर्षांच्या भावाला अठ्ठावन्न वर्षांच्या भावाने, भर दुपारी, तुळशीसमोर. कुंदनने गालावर हात ठेवला. तो चिडला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की हेमराजच्याही मनात तेच होतं, म्हणूनच हात उठला.

"त्याची माय कधी त्याले पोरगा म्हणे का?" कुंदन हळूच म्हणाला. "आठव ना. आजी मरेपर्यंत कधी म्हणली का?"

हेमराजला आठवत होतं. म्हणूनच तो भिंतीला टेकून खाली बसला.

अंजू म्हणाली, "पान मी काढणार नाई. त्या पानावर एकटा चिंधू नाई, अजून सहा जण हायेत. कोणाची माय हाये, कोणाचं लेकरू. उद्या त्यांचे नातू माह्या खिडकीत येतीन, अन् मी काय सांगू? आमच्या घरच्या कामासाठी तुमचा माणूस फाडून टाकला?"

"आणि माह्या पोरीचं काय?" हेमराजचा आवाज फाटला.

"पोरीला विचारा ना," स्वीटी म्हणाली. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली, कोणाला कळलं नव्हतं. तिचे डोळे लाल झाले होते. "पान फाडून मिळालेली सीट मला नको. आणि बाबा, काकूला पुन्हा असं बोललात ना, तर मीच साहेबांना सांगेन."

एका दुपारीत घराचे दोन तट पडले होते आणि ते कुठल्याच नात्याला धरून नव्हते. भाऊ-भाऊ मार खाऊनही एकीकडे, काकू-पुतणी दुसरीकडे.

*

घरात सगळ्यांची समजूत होती की भैय्याजी बहिरे झाले. उजवा कान एस.टी.च्या इंजिनाने खाल्ला होता हे खरं. डावा मात्र ठणठणीत होता, आणि परसातली खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती.

त्यांनी सगळं ऐकलं. थोबाडीत बसलेलीसुद्धा.

आपल्याला विकलं होतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. घरात पोरं जगत नसली की नवं पोर जन्मताच शेजारणीला विकायचं, म्हणजे मरण दाराशी आलं तरी म्हणायचं, इथे आमचं कोणी नाही. शेजारीण होती जयवंता आणि किंमत होती एक चिंधी. म्हणून नाव चिंधू. पाच वर्षं झाली की सूपभर ज्वारी देऊन पोर परत घ्यायचं, जेवण घालायचं, झालं. सालईखेड्यात अशी विकलेली चार पोरं होती. तिघांना त्यांच्या आयांनी वाजतगाजत परत घेतलं. चिंधूला कोणी घेतलंच नाही.

तो जेवायचा रुखमाच्या चुलीपाशी, निजायचा तिच्याच घोंगडीत. ताप आला तर रात्र-रात्र तीच बसायची. पण कोणी विचारलं, तर ती म्हणायची, "जयवंताचं पोट्टं होय." पहिल्या पगाराचं लुगडं त्याने तिच्यापुढे ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "जयवंताले दे." आणि शेवटच्या दिवशी, डोकं याच्याच मांडीवर ठेवून, ती थोरल्या लेकीला, देवकाबाईला, म्हणाली होती, "जयवंताचं पोट्टं लय चांगलं निंगालं वं."

तेव्हा भैय्याजी चाळीस वर्षांचे होते. तेराव्यानंतर वर्धा ते हिंगणघाट गाडी नेताना त्यांना समोरचा रस्ता दिसत नव्हता. त्यानंतर त्यांनी मनाची समजूत घातली की आपली माय कोरड्या मनाची होती, असतात काही बाया. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की ती कोरडी नसेल. ती फक्त खरं बोलत असेल.

या विचाराने ते इतके हादरले, की खिशातला गोरसपाक त्यांच्या मुठीत चुरा झाला.

"कुंदन!" त्यांनी खिडकीतून हाक मारली. परसातले चौघेही दचकले. "गिरडले जा. देवकाबाईले घेऊन ये. मंगळवारी साहेब याच्या आत."

*

देवकाबाई रुखमाची थोरली, एकटी जगलेली मुलगी. वय चौऱ्याण्णव. गिरडजवळ नातवाकडे राहायची. कुंदनने तिला मंगळवारी सकाळी गाडीतून आणलं. ती काठी टेकत आली, खुर्ची नाकारून दिवाणखान्यात खालीच बसली आणि अंजूने पुढे धरलेल्या कागदाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं हाये थे माहीत हाये मले," ती म्हणाली. "माह्या बापानंच सांगतलं थे ठाण्यात."

आणि तिने सांगितलं. "तीन पोट्टे गेले. तिघायचंही मरण बाबाच बुकात लिवून आला, कोतवाल होता ना. लोकायच्या घरी मरण झालं तं लोक रडते. बाबाले रडाले भेटेच नाई. मरण सांगाले ठाण्यात जा लागे. मंग थे चवथं पोट्टं झालं. बाराव्या दिवशी बाबा सकाळीच बुक घेऊन देवळीच्या ठाण्यात निंगाला. माय म्हणे, आज कायले चालले? कोणीच तं नाई मेलं. बाबा म्हणे, आज मीच आगुदर सांगून येतो. बुकात मेलेल्याले पुन्हा न्याले कोण येते?"

स्वीटीने मयताचा कागद उचलून कारणाचा कोरा रकाना पुन्हा पाहिला.

"मुन्शीनं इचारलं, कायनं मेलं? बाबाच्या तोंडून शब्द निंगे ना. मुन्शीले वाटलं, दुःखानं. त्यानं कोरं ठेवलं. बाबा घरी आला तं पोट्टं पायन्यात झोके घेऊन राह्यलं होतं."

अंजूने तोंडावर पदर धरला. हेमराज वेड्यासारखा हसायला लागला आणि हसता हसताच त्याने कुंदनला मिठी मारली, ज्या गालावर परवा मारली होती तिथे हात फिरवला. सगळं सुटलं होतं. सालईखेड्याच्या कोतवालाने मरणालाच खोटा कागद दाखवला होता आणि मरण त्याला भुललं होतं. स्वीटी तर म्हणाली, अशी रीत दुसऱ्या कोणाकडे असेल? साहेबांना हेच सांगू.

साहेब अकराला आले. श्रीधर जोगे नाव, बोलायला मऊ, लिहायला काटेकोर. मूळ बुक ते पाहून आले होते. त्यांनी देव विचारले, कुळी विचारली, लग्नातल्या रीती विचारल्या. देवकाबाईने सगळं पुन्हा सांगितलं, त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी पेन थांबवलं.

"आजी, हकीकत मी जशीच्या तशी लिहिली. पण कागदावर ते बाळ मेलेलं आहे. ते बाळ म्हणजेच हे समोर बसलेले गृहस्थ, हे कोणीतरी रक्ताच्या माणसाने सांगायला हवं. तुमच्याशिवाय आता कोणी नाही. तर सांगा, हे तुमचे सख्खे भाऊ आहेत?"

देवकाबाईने भैय्याजींकडे पाहिलं.

"नाई," ती म्हणाली. "माहा भाऊ बारा दिवसाचा असतानी मेला."

हेमराज ताडकन उठला. "आत्याबाई! आत्ता तं तुम्ही..."

"थे जयवंताचं पोट्टं होय."

कुंदनने कपाळाला हात लावला. अंजूला वाटलं की म्हातारीचं चित्त भ्रमलं. तिने जवळ जाऊन पाणी दिलं, हळूच पुन्हा विचारलं. उत्तर तेच. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "माझा नाइलाज आहे. बयान असंच गेलं, तर अहवाल विरुद्ध जाईल." आणि ते कागद आवरायला लागले.

भैय्याजी मात्र देवकाबाईच्या हातांकडे पाहत होते. ते हात काठीची मूठ उगाच चोळत होते. खोटं बोलणाऱ्याचे हात त्यांनी नोकरीभर तिकिटाशिवाय बसणाऱ्या प्रवाशांमध्ये पाहिले होते.

"देवकाबाई," ते म्हणाले, "मायनं सांगतलं होतं का तुले?"

म्हातारीचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. "देवापुढं उभी केली मले तिनं. मी सात वर्साची. म्हणे, तुहा भाऊ मेला. कोणी कितीही इचारलं तं मेलाच म्हणजो. ज्या दिवशी तुह्या तोंडून भाऊ निंगन ना, त्या दिवशी थो जाईन. मी नाई म्हणली कधी. मायही नाई म्हणली. परत घ्याचं ठरलं पाचव्या वर्सी, सूप भरून ठेवलं होतं तिनं, पण धकलंच नाई तिच्यानं. रडत बसली सुपापाशी. मरतानी मले डोळ्यानंच सांगतलं, म्हणू नको." तिने पदराने तोंड पुसलं. "सत्त्याऐंशी वर्सं जगवला आम्ही त्याले. आता कायले म्हणू?"

भैय्याजींची मान खाली गेली. ज्या बाईला त्यांनी सगळा जन्म कोरडी म्हटलं, ती सुपापाशी बसून रडली होती. आणि हे त्यांना आज कळत होतं, जेव्हा तिला काही सांगायची सोय उरली नव्हती.

"राहू द्या, आत्याआजी," स्वीटी अचानक म्हणाली. तिला जीवशास्त्रात शंभरातले अठ्ठ्याण्णव होते, तरी ती म्हातारीच्या बाजूला जाऊन बसली. "नका म्हणू. सीट गेली तर गेली."

हेमराजने पोरीकडे पाहिलं. परवा पान फाडायला निघालेला तो, आज त्यालाही वाटत होतं की म्हातारीने गप्प बसावं. साहेबसुद्धा उठायचे थांबले होते.

भैय्याजी खुर्चीवरून उतरले. गुडघे धरत, कण्हत, देवकाबाईसमोर जमिनीवर बसले.

"बाई," ते म्हणाले. मोठ्या बहिणीला हाक मारतात तसं. आयुष्यात पहिल्यांदा. "म्हण वं."

"तू मरशीन."

"मरू दे. सत्त्याऐंशी झाले, आता काय शंभरी गाठू का? स्वीटीसाठी नाई म्हणून राह्यलो मी. तिचं होईन नाईतं नाई. मले ऐकायचं हाये. कोणी म्हणलंच नाई वं मले. एक डाव म्हण."

देवकाबाईने त्यांचं मनगट धरलं. आधी ओठ हलले, आवाज आला नाही. मग साहेबांकडे न पाहताच ती म्हणाली, "लिवा साहेब. हा माहा भाऊ होय. मंगरूचा पोरगा. माह्या मायच्या पोटचा. रुखमाचा."

साहेबांनी लिहिलं. पेनाचा आवाज ऐकू येत होता. सगळे भैय्याजींकडे पाहत होते, हेमराज, कुंदन, अंजू, स्वीटी, श्वास धरून, आणि भैय्याजी तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे, हुंदके देत रडत होते.

"समिती ठरवेल," साहेब उठताना म्हणाले. "पण बयान चांगलं झालं."

हेमराज त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेला. गाडी सुरू झाली, वळली, नागपूर रोडला लागली. देवकाबाई तिथेच बसून होती. तिने भावाच्या छातीवर तळहात ठेवला होता, आणि अंजूने दोनदा जेवायला बोलावलं तरी तिने तो उचलला नाही.